शाल नको, वाचनालयाची खोली परत द्या

माननीय सरपंच, उपसरपंच, सर्व पंच मंडळी आणि सत्कार समितीचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

जुलैच्या ग्रामसभेत आपण दोन ठराव पाठोपाठ मंजूर करून घेतलेत. आपल्या शाळेच्या जुन्या शिक्षिका असलेल्या बाईंना नव्वद वर्षे पूर्ण झाली म्हणून ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, गावातर्फे त्यांचा जाहीर सत्कार करायचा, हा पहिला. बंद पडलेल्या प्राथमिक शाळेची इमारत मागच्या खोलीसकट खासगी माणसाला भाड्याने द्यायची, हा दुसरा. पहिल्या ठरावाला टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आतच सचिवांनी दुसरा वाचून टाकला, आणि मागे बसलेल्या निम्म्या लोकांना तो घरी गेल्यावर शेजाऱ्यांकडून कळला.

ती मागची खोली म्हणजे बाईंचे वाचनालय. ज्यांच्या गळ्यात हार घालायचा त्यांचेच सामान आधी बाहेर काढायचे, ही कोणती रीत? याबद्दल मी पंचायतीत रीतसर अर्ज दिले. पोच मिळाली, शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे.

बाईंचे नाव मात्र लिहीत नाही. त्यांनी तशी सक्त ताकीद दिली आहे. शिवाय आमच्या गावात नुसते ‘बाई’ म्हटले की दुसऱ्या कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर येतही नाही.

या सगळ्यात माझा काय संबंध, असे सभेनंतर एका पंचांनी विचारले होते. सांगते. मी बाईंच्या हाताखाली पहिली ते चौथी शिकले. माझी आई त्यांच्या रात्रीच्या वर्गात बसून वाचायला शिकली. नोकरीतून मोकळी झाल्यापासून संध्याकाळी वाचनालय उघडायचे काम मी करते, कारण बाईंच्या गुडघ्यांना आता शाळेच्या पायऱ्या झेपत नाहीत. पंचायतीने कुलूप बदलले तेव्हा जुनी किल्ली माझ्याच हातात होती. निदान तेवढे तरी मला कळवायला हवे होते.

आता आपल्या निमंत्रणपत्रिकेकडे वळते. तिच्यात पाहुण्यांची नावे आणि त्यांची पदे अर्धे पान खाऊन गेली आहेत. खाली बाईंचा परिचय सहा ओळींत आटोपलेला आहे: ‘सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका, निवृत्तीनंतर समाजसेवा.’ ज्याने हा मजकूर लिहिला तो तरुण आहे, त्याला दोष देत नाही. पण गावाने बाईंचा सत्कार करायचा तर कशासाठी करायचा, हे निदान समितीला ठाऊक असावे.

बाई सरकारी शाळेत आल्या त्याआधीच त्या इथे शिकवत होत्या. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात मराठी शाळा सरकार सहसा काढत नसे. देवळे, महाजन (देवस्थानचे हक्कदार) आणि गावकरी आपापल्या ऐपतीने त्या चालवत. आमच्याकडे शाळा भरायची देवळाच्या अग्रशाळेत. जत्रेच्या दिवसांत पाहुणे उतरले की मुले पिंपळाच्या पारावर जायची. बाईंच्या वडिलांनी मुलीला मराठीही शिकवले आणि पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाची ‘सेगुंद ग्राव’ परीक्षाही द्यायला लावली. त्या काळी मुलीच्या बाबतीत हे चेष्टेचे कारण होते. पगार म्हणून घरटी थोडे तांदूळ, नारळ, कधी एखादी नोट. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. त्या लाटेत आमच्या शाळेलाही छप्पर, फळा आणि हजेरीपट मिळाला. बाई त्याच मुलांना घेऊन अग्रशाळेतून नव्या इमारतीत गेल्या. म्हणजे आज जिला आपण ‘बंद पडलेली इमारत’ म्हणता, तिचे दार पहिल्यांदा उघडणाऱ्या बाई आहेत.

मुलगे शाळेत आपसूक येत. मुलींना आणावे लागे. बाई सकाळी वाड्यावाड्यांतून फिरायच्या. धाकटे भावंड सांभाळायला कोण, हा प्रश्न प्रत्येक घरी असायचा. ‘त्यालाही पाठवा,’ हे त्यांचे उत्तर. त्यामुळे आमच्या वर्गात दोन-दोन वर्षांची बाळे चटईवर झोपलेली असत आणि त्यांच्या बहिणी पाढे म्हणत. भाग शिक्षणाधिकारी तपासणीला आले की बाळे शेजारच्या घरात पोचवली जायची. साहेब गेले की परत. मुक्तीच्या वेळी गोव्यात तिघांमध्ये साधारण एकालाच लिहिता-वाचता येत होते. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ८८.७० टक्क्यांवर गेले. अशा आकड्यांचे श्रेय भाषणांत सरकारांना मिळते. ते घ्यावे, पण चटईवरची बाळे कोणी सांभाळली तेही एकदा मंचावरून सांगावे.

आणि रात्रीचा वर्ग. याबद्दल पत्रिकेत अक्षर नाही, आणि मला तर बाईंच्या साऱ्या कामांत हेच मोठे वाटते.

भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी १९७५ चा मुंडकार कायदा आला, पुढच्याच वर्षी कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती आली. कागदावर तरी घर आणि शेत कसणाऱ्याचे होण्याची वाट मोकळी झाली. पण कागद वाचणार कोण? भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या घरांतल्या बायका अंगठा देणाऱ्या. पुरुष थोडेफार वाचणारे, पण दिवसभर शेतावर नाहीतर खाणीवर. बाईंनी शाळेतच कंदिलावर बायकांचा वर्ग सुरू केला. अ-आ-ई नंतर. आधी स्वतःचे नाव, मग नवऱ्याचे, मग भाटकाराचे, मग आकडे, म्हणजे सर्व्हे नंबर वाचता येईल. भाटकाराचे नाव कशाला, असे कुणी विचारले तर म्हणायच्या, ‘कोणाशी भांडायचे ते तरी वाचता यायला नको का?’ फळ्यावर त्या एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्याचे रकाने आखायच्या. हा कब्जेदाराचा, हा कुळाचा, हा इतर हक्कांचा. एकेकीला उठवून विचारायच्या, तुझे नाव यात कुठे यायला पाहिजे? चुकली की सगळ्या हसायच्या, आणि जी हसली तिलाच बाई पुढे बोलवायच्या.

माझे वडील लवकर गेले. आमच्या घराच्या नोंदीसाठी आई कचेरीत गेली, तेव्हा मी तिच्या पदराला धरून होते. ‘झाली तुमची नोंद,’ म्हणत कारकुनाने कागद फिरवून दाखवला. कुणीही ‘देव बरे करो’ म्हणून परत फिरले असते. आईने कागद जवळ ओढला, बोट फिरवत ओळ शोधली आणि म्हणाली, ‘हे माझ्या दिराचे नाव आहे.’ ते चुकून पडले होते की कुणी पाडले होते, मला आजही ठाऊक नाही. दुरुस्तीला पुढे बरेच महिने लागले. पण आज मी ज्या घरात बसून हे पत्र लिहिते आहे ते घर आमचे आहे, आणि त्याचे मूळ त्या फळ्यावरच्या रकान्यांत आहे. गावात असे घर काही माझे एकटीचे नाही. पंचमंडळींपैकी किमान दोघांच्या आज्या त्या वर्गात माझ्या आईच्या शेजारी बसत. घरी विचारून पाहावे.

पोर्तुगीज येत असल्यामुळे जुने दस्तऐवज वाचायलाही लोक बाईंकडेच यायचे. त्या वाचून दाखवायच्या, अर्थ सांगायच्या, आणि ‘आता वकिलाकडे जा, मी वकील नव्हे’ असे बजावून परत पाठवायच्या. हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याला काय येत नाही हे माहीत असणारी समाजसेवक मंडळी हल्ली कमी झाली आहेत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली पुस्तके दोन लोखंडी कपाटांत भरून शाळेच्या मागच्या खोलीत आणली. हेच आपले वाचनालय. पुढे लोक दिवाळी अंक देऊ लागले, कुणी गेलेल्या वडिलांची पुस्तके दिली, रोजची मराठी दैनिके वर्गणीतून येऊ लागली. पल्स पोलिओची मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा बूथ इथेच लागला. साठी गाठलेल्या बाई यादी घेऊन, कोणाचे मूल आले नाही ते बघत दारात बसायच्या. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आली, नंतर गृहिणींना दरमहा मदत देणारी गृहआधार आली, आणि संध्याकाळी खोलीत पुस्तके बदलणाऱ्यांपेक्षा अर्ज भरून घेणाऱ्यांची रांग मोठी दिसू लागली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि आमच्यासारख्या खाणपट्ट्यातल्या गावांत घरासमोर उभे राहिलेले ट्रक गंजू लागले, तेव्हा मदतीचे अर्ज, बँकेची पत्रे, हप्त्यांच्या नोटिसा असे सगळे त्या टेबलावर यायचे. बाई नोटीस आधी पूर्ण वाचायच्या, मग चष्मा काढून समोरच्याला सांगायच्या. त्या वाचत असताना मधे कुणी बोललेले त्यांना चालत नसे. आजही वर्षाच्या वर्षाला हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की म्हातारी माणसे विचारतात, खोली कधी उघडणार? यंदा त्यांना मी काय सांगू?

आता तक्रारी. पहिली, पुस्तकांची.

भाडेकरूला जागा दाखवायची म्हणून खोली रिकामी करण्यात आली. पुस्तके सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली. टाकली हाच शब्द बरोबर आहे. मी जाऊन पाहिले. एका बाजूला बाटल्या, दुधाच्या पिशव्या, मोडक्या खुर्च्या. दुसऱ्या बाजूला, पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याच्या अगदी रेषेत, आमची पोती. ऐन पावसाळ्यात गोव्यात कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते, मग जमिनीवर ठेवलेल्या कागदाचे काय होणार हे कुणाला सांगायला हवे का? एका पोत्याच्या कडेने वाळवीची मातीची रेघ वर चढली होती. शेडवर काम करणाऱ्या मुलाने मी सांगताच सगळी पोती उचलून फळ्यांवर ठेवली आणि वर ताडपत्री घातली. ते त्याचे काम नव्हते. त्याने ते केले, आणि ज्यांचे होते त्यांनी अजून तिकडे पाऊल टाकलेले नाही.

त्या पोत्यांत नुसती छापील पुस्तके असती तर मी इतकी घाबरले नसते. छापील पुस्तके पुन्हा मिळतात. बाईंच्या धालोच्या वह्या मिळणार नाहीत. पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, बायका दोन ओळी करून समोरासमोर नाचत जी गाणी म्हणतात, ती बाईंनी कित्येक वर्षे वाड्यावाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडे बसून उतरवून घेतली आहेत. जाड पुठ्ठ्याच्या, हिशेबाच्या वह्या आहेत. प्रत्येक गाण्यावर सांगणारीचे नाव आणि वाडा. समासात बाईंच्या बारीक अक्षरात ‘इथे आवाज चढतो’, ‘हे कडवे दोघींनाच येते’, ‘हिने आईकडून ऐकले, आई दुसऱ्या गावची’ अशी टिपणे. त्या दोघींपैकी आता एकही हयात नाही. मी उघडून पाहिलेल्या वहीची कड भिजली होती आणि निळी शाई समासातून ओळींमध्ये उतरली होती. बाकीच्या वह्या कोणत्या पोत्यात आहेत ते पोती सोडल्याशिवाय कळणार नाही, आणि पोती सोडायला मला परवानगी लागते असे सांगण्यात आले.

दुसरी तक्रार ठरावाच्या पद्धतीची. विषयपत्रिकेत ‘शाळेच्या इमारतीचा विनियोग’ एवढेच होते. वाचनालयाचा उल्लेख नाही, भाडे किती ते नाही, किती वर्षांसाठी ते नाही, घेणारा काय करणार तेही नाही. सभेत कुणीतरी ‘व्यायामशाळा’ म्हणाले, कुणी ‘गोदाम’. गावच्या मालमत्तेचा निर्णय असा कानोकानी व्हावा का? पंचायतीला उत्पन्न हवे, हे मला मान्य आहे. इमारतीचे दोन वर्ग रिकामे आहेत, ते भाड्याने द्या, माझी हरकत नाही. हरकत मागच्या खोलीपुरती आहे, आणि ती इमारतीचा चौथा हिस्साही नाही.

शाळा बंद पडली त्याचे खापर मी तुमच्या माथी फोडत नाही. पालकांनी मुले इंग्रजीकडे वळवली. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचे ठरवले आणि मराठी-कोकणी शाळांची गळती आणखी वाढली. त्यावर राज्यभर आंदोलने झाली, अजून वाद मिटलेला नाही आणि या पत्रात तो मिटणारही नाही. पटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले उरली की शाळा कुणालाच वाचवता येत नाही. पण शाळा बंद होणे आणि वाचनालय बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपोआप घडली, दुसरी तुम्ही केलीत.

‘आता वाचतो कोण?’ असे आपल्यापैकी एकजण सभेनंतर म्हणाले. पुस्तके नेणारे कमी झाले आहेत, हे खरे आहे. पण दहावी-बारावीची मुले संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसतात, कारण घरात टीव्ही आणि एकच खोली. म्हातारे पुरुष पेपर वाचायला येतात, आणि खरे सांगायचे तर भांडायलाही येतात. बायका अर्ज घेऊन येतात. यांतले कोणीही ग्रामसभेत उठून बोलत नाही. म्हणून ती माणसे नाहीतच असे धरून चालू नका.

शिवाय ग्रंथालय हा काही बाईंचा हट्ट नाही. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे जे २९ विषय आहेत, त्यांत ‘प्रौढ व अनौपचारिक शिक्षण’ एकोणिसावा आहे आणि ‘ग्रंथालये’ विसावा. त्यापुढचा सांस्कृतिक कार्यांचा. ही अनुसूची ज्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आली ती १९९३ मध्ये लागू झाली. बाईंनी यातले पहिले काम त्याच्या कितीतरी आधी सुरू केले होते आणि बाकीची दोन त्या आजतागायत करत आल्या. तुमच्या वाट्याचे काम एक बाई आपल्या निवृत्तिवेतनातून करत होत्या. त्यात भर घालता आली नाही तर निदान आडवे तरी येऊ नका.

तिसरी तक्रार सत्काराची. ती लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण समितीतली पुष्कळ मंडळी मनापासून धावपळ करत आहेत. पण ज्यांचा सत्कार त्यांना कुणी विचारले का? पत्रिका छापून झाल्यावर बाईंना नेऊन दिली. कार्यक्रम दुपारी चारला. पाहुणे सहाच्या आत येत नाहीत, हा आपला सर्वांचा अनुभव. नव्वदीच्या बाईंना दोन तास ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी बसवून ठेवणार? त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. मंच उंच, त्याला लाकडी पायऱ्या, धरायला कठडा नाही. वर चढवताना दोन्ही बाजूंनी दंड धरून त्यांना उचलणार आणि त्याचे फोटो निघणार, हे मला आताच दिसते आहे.

बाईंना मी शेडबद्दल सांगितले. लपवून ठेवणे मला जमले नसते. त्यांनी एवढेच विचारले, ‘वह्या फळीवर आहेत ना?’ सत्काराचे विचारले तर हसल्या. ‘शाली पुष्कळ मिळाल्या ग. बाळंतिणींच्या घरी गेल्या सगळ्या, ही पण जाईल.’ त्या सत्काराला नाही म्हणणार नाहीत. बोलावणाऱ्याचे मन मोडायचे नाही, ही त्यांची जुनी सवय. तिचाच फायदा घेतला जातोय, असे मला वाटते.

म्हणून मागण्या.

इमारतीच्या भाडेकराराला स्थगिती द्या. करारावर अजून सही झालेली नाही असे कळते. नियमित ग्रामसभा आता थेट ऑक्टोबरात, तोवर पुस्तके थांबू शकत नाहीत. तेव्हा खास ग्रामसभा बोलवा, विषयपत्रिकेत वाचनालय असे स्पष्ट लिहा, भाडे, मुदत आणि घेणाऱ्याचा हेतू वाचून दाखवा, आणि मागची खोली करारातून वगळा. गावाने सगळे ऐकून तरीही नको म्हटले, तर मी स्वतः कपाटे उचलायला येईन.

पुस्तके आणि वह्या गणेश चवथीच्या आधी कोरड्या जागी हलवा. खोली मिळेपर्यंत देवस्थानच्या अग्रशाळेतली एक खोली द्यायला महाजन तयार आहेत. पंचायतीने फक्त गाडी आणि दोन माणसे द्यायची. पोती आमच्यासमोर सोडा आणि काय भिजले, काय वाळवीने खाल्ले, त्याची यादी करून दोन्ही बाजूंनी सह्या करा.

धालोच्या वह्यांचे पान न् पान स्कॅन करून घ्या. एक प्रत वाचनालयात, एक बाईंच्या घरी, आणि बाईंची परवानगी घेऊन एक पणजीच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात. १८३२ पासून कागद सांभाळत आलेली ती संस्था आहे, त्यांना आपल्यापेक्षा हे बरे जमते. खर्चाचे म्हणाल तर मंच, मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांच्या स्मृतिचिन्हांवर किती मंजूर झाले ते आधी फलकावर लावा. त्यातली स्मृतिचिन्हे जरी गाळली तरी हे काम भागेल, अशी माझी अटकळ आहे. पाहुण्यांनी बाईंकडून काहीतरी शिकून जावे, घरी फळीवर ठेवायला काचेचा मोर कशाला न्यायचा?

अर्ज भरून देण्याचे काम आठवड्यातून दोन संध्याकाळी चालू ठेवा. बसायला मी आहे, आणखी दोघी निवृत्त शिक्षिका तयार आहेत. आम्हाला मानधन नको. टेबल, दिवा आणि पंचायतीचा शिक्का वेळेवर मिळाला तरी पुरे.

सत्कार करायचा तर सकाळी दहाला करा, शाळेच्या अंगणात, जमिनीवर खुर्च्या मांडून. भाषणे बाईंकडे शिकलेल्यांची असू द्या. रात्रीच्या वर्गातल्या ज्या बायका अजून आहेत त्यांना पुढच्या रांगेत बसवा, मंत्री-आमदार आले तर त्यांनीही त्यांच्या मागे बसून ऐकावे. त्यांना ते जड जाणार नाही, विचारून तर बघा.

आणखी एक, लहान. बाईंच्या घराच्या वळणावरचा रस्त्याचा दिवा पावसाळ्याच्या आधीपासून बंद आहे. सत्कारासाठी देवळापासून मंडपापर्यंत रोषणाई करणार आहात असे ऐकले. त्यातला एक दिवा वळणावर लावलात तरी बाईंना संध्याकाळी तुळशीपर्यंत जाता येईल.

या पत्राचे उत्तर मला घरी पाठवू नका. पंचायतीच्या फलकावर लावा, म्हणजे बाकीच्यांनाही वाचता येईल. गावातल्या बहुतेकांना येते. करारावर सही होऊन गेली असेल तर तेही तिथेच तारखेसकट लिहा, म्हणजे पुढचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे करायचा की पंचायत संचालनालयाकडे, ते आम्हाला ठरवता येईल.

आपली,
बाईंची एक माजी विद्यार्थिनी आणि वाचनालयाची सध्याची राखणदार